दुःखाला ९० सेकंदांची मुदत कोणी घातली?

सांगलीतल्या घरच्या आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात म्हटलेले असते की कोणतीही भावना शरीरात फक्त ९० सेकंद टिकते, आणि हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. त्यानंतरही तुम्ही दुःखी, घाबरलेले किंवा चिडलेले असाल तर तो तुमचाच निर्णय. राग आला तर उशी बडवा, ओरडा, मोकळे व्हा. नकारात्मक विचार मनात येऊच देऊ नका. मन खंबीर असेल तर डॉक्टर लागत नाही.

पाठवणारे आपलेच काका, मावश्या, शाळासोबती असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा मजकूर ज्याच्या घरात नुकतेच काही घडले आहे त्याच्या हातात पडतो तेव्हा त्याच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

९० सेकंदांचा आकडा आला कुठून? जिल बोल्ट टेलर या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाईंना १९९६ साली मेंदूत रक्तस्राव झाला. त्या अनुभवावर २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात हा आकडा आहे. भावना उफाळली की शरीरात उठणारी रसायनांची पहिली लाट ९० सेकंदांत ओसरते, असे त्यांचे म्हणणे. माणसांवर मोजमाप करून काढलेला हा निष्कर्ष नव्हे. शरीराचा हिशेबही त्याच्याशी जुळत नाही. ताणाचा प्रसंग घडला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर जाते आणि उतरायला आणखी वेळ घेते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २३३ शाळकरी मुलांना त्यांच्या भावना किती वेळ टिकल्या ते आठवून सांगायला लावले. २७ भावनांत सर्वांत लांबलेले निघाले दुःख, सरासरी १२० तास. हे आठवणीवर बेतलेले आकडे आहेत, पण दीड मिनिटाच्या आसपासही ते येत नाहीत.

आता ‘तो तुमचाच निर्णय’ हे वाक्य. मला सगळ्यात जास्त खटकते ते हेच. त्याच अभ्यासात असे दिसले की घटना जितकी महत्त्वाची, तितकी भावना लांबते, आणि तीच गोष्ट मनात घोळवत राहिले तरीही लांबते. म्हणजे संदेशात सत्याचा एक कण आहे. भावकीतल्या लग्नात कोणी नीट बोलले नाही, हे वर्षभर उगाळले तर राग वर्षभर पुरतो. पण भीतीचे कारणच समोर उभे असेल तर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरले, ती सांगलवाडीची, गावभागाची, दत्तनगरची माणसे आजही कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की रात्री दोनला उठून पातळी बघतात. पोटात गोळा येतो, झोप उडते. त्यांनी हे निवडलेले नाही. ती भीती त्यांना कागदपत्रे पिशवीत भरायला लावते, जनावरे वेळेत हलवायला लावते. तिचे काम चालू आहे.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराचेही तेच. फळछाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि आभाळ भरून राहिले, की डाऊनी, गळकूज अशा द्राक्षावरच्या रोगांच्या धास्तीने तो दिवसात चार वेळा बागेत जातो. त्याला ‘सोडून दे’ म्हणणाऱ्याने त्याचे औषधांच्या दुकानातले उधारीचे खाते बघितलेले नसते. मात्र त्याने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा: या घडीला माझ्या हातात करण्यासारखे काही आहे का? फवारणी करायची असेल तर ती करावी. ती झाल्यावरही डोके चालूच राहिले तर ते घोळवणे आहे. तिथे विषय बदलायचा, शेजाऱ्याशी बोलायचे, बैलांना वैरण टाकायची.

उशी बडवण्याचा सल्ला तर उलटा आहे. २००२ साली अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी अपमानाने चिडलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अपमान करणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवणारे, नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले राहिले. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा आला. राग उतरतो तो शरीराची तापलेली अवस्था उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणे यांनी. धावण्याने राग कमी न होता उलट वाढल्याचे त्यात आढळले. घरात भांडून तावातावाने गाडी काढणारी पोरे बायपासला काय करतात हे आपण बघतो.

मग राग गिळून टाकावा का? तेही नाही. १९९३ च्या एका प्रयोगात लोकांना शिसारी आणणारी चित्रफीत दाखवून चेहऱ्यावर काही दिसू न द्यायला सांगितले. चेहरे कोरे राहिले, पण आतली भावना तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण वाढला. नकारात्मक विचार येऊच न देण्याची धडपड याच जातीची.

दाबणे आणि उधळणे यांच्यामध्ये ओळखणे आहे, आणि त्याची सुरुवात शरीरापासून होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा आरंभ जिथे केला, त्या आपल्या गावाला हे नवे नाही. घाम, कंप, रोमांच, आवाज फुटणे, चेहरा उतरणे, अश्रू ही भावनेची शारीरिक चिन्हे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात फार पूर्वी मांडून ठेवली आहेत. जबडा आवळलाय, हात गार पडलेत, हे आधी टिपावे. मग नेमके काय झाले ते मनाशी म्हणावे. ‘डोकं फिरलंय’ एवढ्यावर थांबू नये. व्यापारी माल उचलून पैसे बुडवून गेला, तर त्यात संताप असतो, फसलो याची लाजही असते. संतापाला इतर बागायतदारांसोबत तक्रार करणे हा मार्ग आहे, लाजेला घरात खरे सांगणे हा. दोन्हींना ‘टेन्शन’ म्हटले की एकही मार्ग दिसत नाही.

खंबीरपणाचा मुद्दा थोडक्यात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातले लक्ष गेलेले असेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जिवाचे विचार असतील तर एक दिवसही थांबायचे नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत चालते, मराठीतही बोलता येते. सिव्हिलमध्येही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. केसपेपर काढायला घरचे कोणी सोबत गेले तर पहिली खेप सोपी जाते.