‘कोलेस्टेरॉल वाढवा, डायलिसिसवर जास्त जगा’? नाही, असं होत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. डायलिसिसवर ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त ते जास्त जगतात, म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करा, आणि तूप, सुकं खोबरं, सुकामेवा भरपूर खा.

पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. १९९० साली अमेरिकेत बारा हजारांहून जास्त हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त गाळणं) रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कमी कोलेस्टेरॉलवाल्यांत मृत्यू जास्त आढळले. पण कोलेस्टेरॉल उतरलं कशामुळे? कॅथेटरला (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीला) जंतुसंसर्ग झाला, अंगात दाह राहिला, भूक मेली की कोलेस्टेरॉलही उतरतं आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही. माणूस दगावतो तो या आजारपणामुळे. २००४ साली ८२३ रुग्णांच्या अभ्यासात दाह आणि कुपोषण नसलेले रुग्ण वेगळे काढले, तर चित्र पालटलं: एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे ४० मिलिग्रॅमने जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय.

आता स्टॅटिन. जर्मनीत मधुमेही डायलिसिस रुग्णांवर (१,२५५ जण, २००५) आणि पुढे ‘ऑरोरा’ चाचणीत (२,७७६ जण, २००९) गोळीने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चाळीस टक्क्यांहून जास्त उतरलं, तरी एकूण मृत्यू ना कमी झाले ना वाढले. कोलेस्टेरॉल उतरणं हेच मारक असतं, तर गोळीवाल्या गटात मृत्यू वाढायला हवे होते. फायदा का दिसला नाही, तर इथे बरेच मृत्यू हृदयाची लय बिघडून किंवा हृदय थकून होतात, आणि त्यावर स्टॅटिन चालत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या आजारांवर मार्गदर्शन करणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात डायलिसिसवर स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, पण आधीपासून चालू असेल तर ठेवावं, असं सुचवलंय. स्टेंट बसवलेल्याने फॉरवर्ड वाचून गोळी सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

सुकामेवा आणि खोबऱ्यात पोटॅशियम, फॉस्फरस भरपूर. दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडात पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडू शकतं. ताटात वाढवायची ती प्रथिनं: किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण साडेतीन ग्रॅम मिळतात.

कोलेस्टेरॉल आपोआप उतरलं, तर अल्ब्युमिन आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) बघा. रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी द्या. पाणी काढल्यावर रक्त दाट होतं आणि आकडे फुगतात. फॉस्फरस उतरवायला सेव्हेलामर ही गोळी चालू असेल तर एलडीएल त्यानेही उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ड्राय वेटवर (जास्तीचं पाणी काढल्यावर ठरवलेल्या वजनावर) मात्र डोळे झाकून विसंबू नका: मांस झडतं, त्याची जागा पाणी घेतं, आणि काटा महिनोन्‌महिने तोच आकडा दाखवतो. वजन तेवढंच, पण बीपी चढतंय, आडवं झाल्यावर धाप लागतेय, दंड बारीक झालेत, तर ड्राय वेट खाली आणायचं का हे नेफ्रॉलॉजिस्टला (मूत्रपिंडाच्या डॉक्टरला) लगेच विचारा.