विन्स्टनला जिंकवू नका

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर आज झोप यायची नाही.

एका लेखन कार्यशाळेला गेले होते. कुणाची, ते लिहीत नाही. विषय होता विज्ञानकथा आणि भविष्यातल्या हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्या, म्हणजे माझा जीव की प्राण. एका विशीतल्या मुलाने स्वतःच्या कादंबरीचा आराखडा वाचला. गोष्ट त्याची आहे, ती मी इथे फोडणार नाही, शेवट तेवढा सांगते. सगळ्या बंडानंतर त्याचा नायक एका कागदावर सही करतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. बस्स. माझ्या अंगावर काटा आला. मार्गदर्शकांनी मात्र पडद्यावर ते गोल चित्र लावलं, नायकाच्या प्रवासाचे बारा टप्पे, आणि त्याला सांगितलं की तुझा नायक वाटेतच बसलाय, तो काहीतरी मिळवून परत आला पाहिजे. वर म्हणाले, जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीचीही तीच अडचण, हुकूमशाहीविरुद्ध उठणाऱ्या तिच्या नायकाचा, विन्स्टनचा, प्रवास अर्धवट राहतो.

अर्धवट?

तुम्ही बहुतेकांनी ती कादंबरी वाचलेली आहे, म्हणून कथा सांगत बसत नाही. फक्त तेच बारा टप्पे हाताशी घेऊन ती पुन्हा उघडा. जुनी वर्तमानपत्रं बदलून लिहिण्याची नोकरी, हे नायकाचं रोजचं जग. ओब्रायनशी, सत्ताधारी पक्षातल्या वरच्या माणसाशी, क्षणभर नजरानजर होते, ती हाक. गुरू भेटतो, तोही ओब्रायनच. गुरूकडून निषिद्ध ग्रंथ मिळतो. ज्युलियासारखी सोबतीण मिळते, चॅरिंग्टनच्या दुकानावरची खोली मिळते. मग गुहा, म्हणजे १०१ नंबरची खोली, जिथे विन्स्टनच्या तोंडासमोर उंदरांचा पिंजरा धरतात. तिथे मरण आहे, आणि पुनर्जन्मसुद्धा आहे. शेवटी विन्स्टन परतही येतो. चेस्टनट ट्री कॅफेत जिन पीत बसतो, आणि सोबत घेऊन आलेला असतो हुकूमशहा बिग ब्रदरवरचं प्रेम. एक टप्पा गळलेला दाखवा मला!

फक्त तो दुकानदार पोलिसांचा माणूस असतो. भिंतीवरच्या चित्रामागे टेलिस्क्रीन, म्हणजे पाळत ठेवणारा पडदा, असतो. तो ग्रंथ लिहिण्यात आपला हात होता असं ओब्रायन स्वतः सांगतो, आणि सात वर्षं तुझ्यावर लक्ष ठेवून होतो, हेही सांगतो. जिथे अंधार नाही तिथे आपण भेटू, असं स्वप्नातला जो आवाज म्हणाला होता, ती जागा म्हणजे दिवे कधीच न विझणारी कोठडी निघते. हाक त्यांची, गुरू त्यांचा, गुहा त्यांची. प्रवास सरकारनेच आखला आणि सरकारनेच तडीस नेला. तो पूर्ण झाला, म्हणून तर आपण शेवटचं पान वाचून सुन्न होतो. याला अर्धवट म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मुलांची हस्तलिखितं द्यायची?

माझे मामा आणीबाणीत तुरुंगात होते. जुन्या मित्रांना हे माहीत आहे. आत गेल्यावर काही महिन्यांनी त्यांनी हमीपत्रावर सही केली, वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा वगैरे लिहिलेल्या त्या कागदावर, आणि बाहेर आले. आजी आजारी होती. १९७७च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली, शेवटपर्यंत आत राहिलेल्यांच्या गावात मिरवणुका निघाल्या, हार पडले, आणि ते योग्यच होतं. मामा त्या दिवशी दुकानाचं शटर ओढून आत बसले होते. आमच्या घरात त्यांच्यावर कधी कुणी रागावलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कॉलेजात असताना मी त्यांना '१९८४' वाचायला दिली होती. पुस्तक परत देताना एवढंच म्हणाले, "अगं, उंदरांची काय गरज होती? आईचं एक पत्र पुरतं."

गोल चित्रातला कुठला टप्पा हा, सांगा.

नायकाच्या प्रवासाची कल्पना मांडणाऱ्या जोसेफ कॅम्पबेलबद्दल मला राग नाही. त्या माणसाने जगभरच्या पुराणकथा वाचल्या आणि त्यांत एक समान धागा पाहिला: निघणं, कसोटी, परतणं. त्याचं पुस्तक १९४९चं, '१९८४'सुद्धा १९४९चीच. म्हणजे ऑर्वेल काही त्याला उत्तर देत नव्हता. पुराणातला नायक परततो तेव्हा त्याची वाट पाहणारं गाव असतं, त्याने आणलेलं औषध घेणारे लोक असतात. ऑर्वेलने विचारलं की गावच उरलं नसेल, कालचा दिवससुद्धा रोज नव्याने लिहिला जात असेल, तर परतायचं कुठे? बारा टप्प्यांचा साचा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी हॉलिवूडच्या एका स्टुडिओतल्या टिपणातून आला. पटकथा तपासायला तो ठीक असेल. त्याने ऑर्वेलला मापायचं म्हणजे अति झालं.

आणि या प्रकारच्या कादंबरीचे स्वतःचे रिवाज आहेतच की! नावाऐवजी नंबर, शहराभोवती भिंत, नायकाला जागं करणारी एक बाई, आणि शेवटाकडे सगळं शांतपणे समजावून सांगणारा सत्ताधारी. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई' कादंबरीत हे सगळं आहे, आणि ती लिहिलेली १९२०-२१ची. तिथला नायक डी-५०३ शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून घेतल्यावर प्रेयसीचा छळ थंडपणे बघतो. ऑर्वेलने ती वाचून १९४६मध्ये तिच्यावर लिहिलं होतं. हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला 'रानटी' गळफास घेतो. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मधला माँटॅग सुटतो खरा, पण त्याच्यामागे शहर बॉम्बखाली जातं. नायक मोडून पडणं हा या घराण्याचा दोष नव्हे, ती त्याची शिस्त आहे. कार्यशाळा घेणाऱ्याला एवढं माहीत नसावं?

हो, 'हंगर गेम्स' या कादंबऱ्यांमुळे लाखो मुलं वाचायला लागली, आणि थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर लोकांनी रस्त्यावर तीन बोटं वर केली ती त्यातूनच घेतलेली. लढणारी नायिका लोकांना बळ देते, मान्य. पण कॅटनिससुद्धा शेवटी सुखात घरी आलेली नाही, तिला झोपेत भयंकर स्वप्नं पडतात. तेवढंही वाचत नाहीत हे लोक.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मामांचाच विचार येतोय सारखा. न वाकलेल्या माणसांवर पुस्तकं आहेत, भाषणं आहेत, चौकांना त्यांची नावं आहेत. वाकलेल्यांसाठी काय आहे? मामांसाठी एक विन्स्टन होता. पुस्तक वाचल्यावर पुढे कधीतरी ते माझ्या आईजवळ पहिल्यांदा त्या सहीबद्दल बोलले. काय बोलले ते आईने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विन्स्टन शेवटी जिंकला असता, तर मामांनी ते पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेवून दिलं असतं, याची मला खात्री आहे. जिंकलेल्यांच्या गोष्टी त्यांनी चौकात भरपूर ऐकल्या होत्या.

त्या मुलासाठी आणखी एक. १९४९मध्ये अमेरिकेतल्या, सभासदांना पुस्तकं पाठवणाऱ्या, बुक ऑफ द मंथ क्लबने ऑर्वेलला सांगितलं होतं की मधला तो ग्रंथाचा भाग आणि शेवटचं न्यूस्पीकवरचं, म्हणजे त्या राजवटीच्या भाषेवरचं, परिशिष्ट काढून टाका, मग आम्ही पुस्तक घेऊ. माणूस क्षयाने अंथरुणाला खिळलेला, समोर मोठी रक्कम. तो नाही म्हणाला. शेवटी क्लबने ते पुस्तक होतं तसंच घेतलं. आणि ते परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे. ती राजवट कधीतरी संपली, असं त्यावरून मानणारे वाचक आहेत, त्यांतली मी एक. आशा असलीच तर ती तिथे आहे, आणि ती विन्स्टनच्या वाट्याला आलेली नाही.

मी बोलायला उठले तोवर चहाची सुट्टी झाली होती, आणि सुट्टीत तो मुलगा निघून गेला. आज तिथे असलेल्या कुणाकडे त्याचा नंबर असेल, तर त्याला माझा द्या. शेवट बदलायच्या आधी हस्तलिखित मला वाचायला दे म्हणावं. या आठवड्यातच.