रविवारचे पान

गेल्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता माझ्या दाराची घंटा वाजली. रविवारी सकाळी कोणाच्याही दाराची घंटा वाजवू नये, हा नियम मला ज्या तळमजल्यावरच्या आजींनी शिकवला होता, त्याच दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातील पत्र्याच्या सुपलीत, नैवेद्य आणावा तशा काळजीने आणलेले, एक वाळके पान होते.

स्टुटगार्टमध्ये नव्याने राहायला येणाऱ्याला जे सल्ले मिळतात, त्यांपैकी बहुतेक निमूटपणे पाळता येतात. टपालपेटीवर आडनाव लावले नाही तर पत्रे परत जातात, म्हणून ते लावावे. दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकू नयेत, कारण त्या फुटल्याचा आवाज होतो. हिवाळ्यातसुद्धा खिडक्या सताड उघडून घरात वारा खेळवावा. हे सर्व मी पहिल्या महिन्यातच शिकलो. केरवोखे, म्हणजे पाळीपाळीने जिना झाडण्याची इथली प्रथा, मात्र सात वर्षे झाली तरी मला पुरते जमलेले नाही.

जर्मन भाषेत ‘केरेन’ म्हणजे झाडणे आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. त्यातला केर मराठी माणसाला कोशाशिवाय कळतो, हीच काय ती या प्रथेने आपल्याला दिलेली सवलत. ज्याच्या दाराला पाळी दाखवणारी पाटी अडकवलेली असेल, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खाली उतरणारा जिना झाडून पुसायचा, ते लहान केरवोखे. प्रवेशद्वार, तळघर, अंगण, पदपथ आणि थंडीत त्यावर साचलेले बर्फ, हे मोठे केरवोखे. दाढीमुळेच ओळखला जाणारा एबरहार्ड हा या प्रांताचा राज्यकर्ता होता आणि त्याच्या काळातील १४९२ सालच्या नगरनियमांपर्यंत या प्रथेचे मूळ नेले जाते. म्हणजे ज्या वर्षी कोलंबस आमचा देश शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोहोचला, त्याच वर्षी इथली माणसे आपापल्या दारातील घाण दर आठवड्याला कुठे न्यायची हे ठरवत होती. पुढे १९८८ साली शहराने आपल्या नियमांतून ही सक्ती काढून टाकली; परंतु ती घरांच्या भाडेकरारांतून शिल्लक राहिली आणि आमच्या इमारतीत ती आजींच्या रूपाने नांदते.

आजींनी सुपली माझ्या नाकाजवळ धरली.

“तरुण गृहस्थ,” त्या म्हणाल्या (माझे वय त्रेचाळीस आहे), “हे तुमच्या जिन्यावर होते. वरून चौथ्या पायरीवर.”

मी नम्रपणे सांगितले की माझा आठवडा संपला असून, काल संध्याकाळीच मी पाटी समोरच्या दारावर अडकवली आहे.

“पाटी सोमवारी सकाळी जाते. तुम्ही ती लवकर पाठवलीत. रविवार तुमचाच आहे.”

आता माझ्यातील वकील जागा झाला. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीत राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील ते कलम १९४९ च्या घटनेत जसेच्या तसे घेतलेले आहे. मी ते आजींना सुनावले आणि विचारले की ज्या दिवशी झाडणे वर्ज्य आहे, त्या दिवशी पडलेल्या पानाची जबाबदारी माझ्यावर कशी येईल.

“झाडता येत नाही,” आजी म्हणाल्या, “वाकता येते.”

यावर मला काही सुचेना. थोड्या वेळाने मी म्हणालो की त्यांनी पान उचललेच आहे, तेव्हा प्रश्न मिटला.

“मी उचललेले नाही. मी दाखवायला आणले आहे. आता परत ठेवणार आहे.”

आणि त्यांनी खरोखरच ते ठेवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाई कठड्याला धरून चार पायऱ्या उतरल्या, सुपली तिरकी केली, पान पायरीवर सरकवले, ते किंचित डावीकडे गेले म्हणून बोटाने मूळच्या जागी आणले आणि माझी वाट पाहत उभ्या राहिल्या. पान लिंडनचे होते, आकाराने आपल्या पिंपळासारखे, फक्त शेपूट आखूड. आमच्या अंगणात लिंडन नाही, तो बसथांब्याच्या वाटेवर आहे आणि त्या वाटेने या जिन्यावरून जाणारा मी एकटाच आहे, हे त्यांनी मी खाली पोहोचेपर्यंत सिद्ध केले. वारा नावाची एक गोष्ट असते, असे मी म्हणून पाहिले. दार बंद असते, असे उत्तर मिळाले.

मी वाकलो. पायजम्यात, अनवाणी, थंड फरशीवर उभे राहून एक पान उचलण्यासाठी माणसाला जितके वाकावे लागते, त्याहून पुष्कळ अधिक वाकल्यासारखे मला वाटले.

“तुमच्या देशात झाडतात का हो?” आजींनी विचारले. स्वरात कुत्सितपणा नव्हता, खरीखुरी चौकशी होती आणि तेच मला अधिक लागले. जिथे पहाटे अंगणात सडा पडल्याशिवाय दिवस उजाडत नाही, लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात आणि गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली, तिथून मी आलो आहे, हे सगळे सांगण्याइतके जर्मन मला येते. परंतु हातात पान असताना ते सुचत नाही. मी फक्त “हो, झाडतात” म्हणालो.

“मग तुम्हाला जमेल,” त्या म्हणाल्या आणि सात वर्षांत किमान वीस वेळा दिलेला सल्ला पुन्हा दिला: आधी कोरडे, मग ओले, वरून खाली, पायपुसणे उचलून त्याखाली, आणि झाडू प्रत्येक पायरीच्या कडेवर आपटायचा, कारण आपण झाडले हे शेजाऱ्यांना दिसले नाही तरी चालेल, ऐकू आले पाहिजे.

समोरच्या घरात राहणारे गृहस्थ हॅम्बुर्गचे आहेत. त्यांच्या दारावर पाटी आठवडाभर लटकते आणि कोरड्या हातांनी माझ्याकडे परत येते. जिन्याला त्यांनी कधी झाडू लावलेला मी पाहिलेला नाही. त्यांच्याविषयी मी एकदा कुरकुर केली, तेव्हा आजी हात झटकून म्हणाल्या, “तो उत्तरेचा आहे, त्याला कोण शिकवणार?” हे मला अजूनही बोचते. त्या गृहस्थांचा आळस हा त्यांचा खाजगी आळस असतो. माझ्या पानाला मात्र पासपोर्ट असतो. आजींना विचारले तर त्या म्हणतील की ज्याच्यावर आशा आहे त्यालाच माणूस रागावतो, आणि श्वाबेनमध्ये, म्हणजे आमच्या या भागात, तर रागावले नाही म्हणजेच कौतुक झाले असे मानतात. त्या हिशेबाने हॅम्बुर्गकरांचे सात वर्षे अखंड कौतुक चालले आहे.

चिडून मी आजींना शहराच्या नव्या रेल्वे स्थानकाची आठवण करून दिली. त्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ते २०१९ मध्ये उघडायचे होते आणि अजून उघडलेले नाही. तिथल्या ढिगाऱ्यापुढे माझे पान ते काय! आजींनी क्षणभर विचार केला.

“तिथे पाटी कोणाच्या दारावर आहे, हेच कोणाला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे ते माहीत आहे.”

मी पान घेऊन अंगणातील तपकिरी डब्याकडे निघालो, तेव्हा मागून शेवटची सूचना आली की झाकण हळू लावावे, रविवार आहे.

काल संध्याकाळी बसथांब्यावरून परतल्यावर मी इमारतीच्या दारात थांबलो आणि एका हाताने भिंत धरून दोन्ही बुटांचे तळ पाहिले. डाव्या बुटाला लिंडनचे एक ओले पान चिकटलेले होते. मी ते काळजीपूर्वक सोडवले, वर नेले आणि जिथे या आठवड्यात पाटी लटकत आहे, त्या हॅम्बुर्गकरांच्या पायपुसण्याच्या बरोबर मधोमध ठेवले.