पेट्रापोलची रांग फास्टॅगने हटणार नाही

‘टोलनाक्यावर फास्टॅगने रांगा संपल्या. पेट्रापोललाही टॅग आणि स्कॅनर लावा, नाशिकचा कांदा त्याच दिवशी बांगलादेशात उतरेल.’ पेट्रापोल म्हणजे पश्चिम बंगालमधली भारत-बांगलादेश सीमेवरची चौकी. कांद्याच्या व्यापारात हा दावा सतत पुढे पाठवला जातो. तो मुद्द्यामुद्द्याने तपासू.

टोलनाक्यावर गाडी ओळखली आणि पैसे कापले की काम संपतं. सीमेवर गाडी ओळखणं हे सगळ्यात किरकोळ काम. शिपिंग बिल (निर्यात मालाची कस्टम्सला दिलेली घोषणा), कस्टम्सचा निर्यात आदेश, चालकाचा कारपास (ट्रक घेऊन पलीकडे जाण्याचा परवाना), एवढं झाल्यावर ट्रक सीमेपलीकडच्या बेनापोलच्या यार्डात जातो, तिथे माल उतरतो किंवा बांगलादेशी ट्रकमध्ये चढवला जातो, म्हणजे ‘पलटी’ होतो, आणि आपला ट्रक रिकामा परततो. समजा गेटातून ताशी ३० ट्रक सुटले आणि पलीकडे ताशी २०च रिकामे झाले, तर सहा तासांत ६० ट्रक तुंबतात. यार्ड भरलं की गेट थांबलंच, टॅग कितीही झटपट वाचला तरी.

‘स्कॅनरमुळे कागद आपोआप जुळतील.’ खरी मेख इथेच आहे. आपलं कस्टम्स आइसगेट या संगणक प्रणालीवर, बांगलादेशचं ॲसिक्युडा वर्ल्ड या वेगळ्या प्रणालीवर. माल पलटी झाला की ट्रकचा नंबर बदलतो, तोही बांगला लिपीतल्या पाटीवर. म्हणून माग ट्रकच्या नंबराने काढायचा नाही, शिपिंग बिलाच्या क्रमांकाने काढायचा. ट्रक गेटावर पोचण्याआधीच बिल क्रमांक, ट्रक नंबर, मालाचा कोड, गोण्यांची संख्या आणि वजन पलीकडे जायला हवं. गेट सोडल्याची वेळ नंतर त्याच नोंदीत भरावी. पलीकडून पोच आली नाही तर संदेश पुन्हा जावा, नाहीतर तो हरवल्याचं कुणाला कळतच नाही. दोन देशांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक आहे. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली नाही, तर ट्रक निघण्याआधीच पोचल्याच्या किंवा अर्धा तास जास्त लागल्याच्या नोंदी होतात.

‘रांग किती आहे ते गुगल मॅपवर दिसतंच की.’ पार्किंगमध्ये इंजिन बंद करून उभा ट्रक मॅपला रांगेतला वाटत नाही. अमेरिका-मेक्सिको सीमेवर एल पासोच्या ‘ब्रिज ऑफ द अमेरिकाज’ या पुलावर ट्रकवरच्या आरएफआयडी टॅगांनी (फास्टॅगसारख्या, रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या) वेळ मोजली गेली, ती मेक्सिकोच्या बाजूने थेट तपासणी संपून बाहेर पडेपर्यंत. टॅग वाचणारा पहिला रीडर मोठ्यात मोठ्या रांगेच्याही मागे हवा. रांग त्याच्या मागे गेली की आकडा खोटा पडतो, तोही खालच्या बाजूने. शिवाय मोजलेली वेळ आत्ताच बाहेर पडलेल्या ट्रकची असते. रांग वाढत असेल तर आत्ता येणाऱ्याला जास्तच थांबावं लागतं. त्यामुळे फलकावर अंदाज दाखवताना वाढीचा वेगही धरायला हवा.

‘स्लॉट नोंदणीने प्रश्न सुटला’ हे अर्धं खरं आहे. पश्चिम बंगालच्या ‘सुविधा’ पोर्टलमुळे २०२२पासून ट्रकला वेळ ठरवून मिळते, आणि ही मोठी सुधारणा आहे. पण स्लॉटची संख्या बेनापोलमध्ये त्या दिवशी किती ट्रक रिकामे होऊ शकतात यावरून ठरावी, नाशवंत मालाचे स्लॉट वेगळे असावेत आणि धोरणबदल झाल्याक्षणी नोंदलेल्या प्रत्येक चालकाला कळावा. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांदा निर्यातबंदी आली तेव्हा कितीतरी ट्रक आधीच वाटेत होते. पेट्रापोल आणि महदीपूर या सीमेवरच्या चौक्यांवर ते अडकले, कांदा सडला. नाशिकपासून सीमा जवळपास दोन हजार किलोमीटर आहे. बंदीचा संदेश वाटेतल्या चालकाला त्याच दिवशी मिळाला, तर तो मध्येच गाडी वळवून दुसऱ्या बाजारात माल विकू शकतो. सीमेवर पोचल्यावर ती सोय उरत नाही.