दंडाची पाटी आणि खाचा पडलेली पाती

सुतारकामाच्या सामायिक कार्यशाळेत हत्यारे का खराब होतात, असा विषय सभासदांच्या बैठकीत निघाला, की पहिल्या दहा मिनिटांत चर्चा ‘लोकांना शिस्तच नाही’ या वाक्यापाशी येते आणि पुढच्या पाच मिनिटांत भिंतीवर दंडाची पाटी लावण्याचा ठराव होतो. अशा कार्यशाळांमध्ये मी बरीच वर्षे काम करत आलो आहे, मधल्या काळात हत्यारांच्या देखभालीची जबाबदारीही माझ्याकडे होती, आणि एके काळी असा ठराव मांडणाऱ्यांत मी स्वतः पुढे होतो. आता माझे मत उलटे झाले आहे. मोडतोडीवर दंड ठेवला म्हणून मोडतोड कमी होत नाही. ती झाल्याचे कळणे तेवढे बंद होते.

हे मत बदलायला कारण झाले ते माझेच एक कृत्य. जुन्या दाराच्या चौकटीचा एक तुकडा मी थिकनेस प्लेनरमधून, म्हणजे फिरत्या पात्यांनी फळी सारख्या जाडीची तासणाऱ्या मशीनमधून, काढत होतो. रंगाच्या थराखाली तुटलेल्या खिळ्याचे टोक दडलेले होते आणि लाकूड वरवर तपासून मी ते मशीनमध्ये सरकवले होते. ‘खट्ट’ असा आवाज झाला. फळी बाहेर आली तेव्हा तिच्या पृष्ठभागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बारीक उंचवटे उमटले होते, म्हणजे तिन्ही पात्यांच्या धारेला एकाच जागी खाचा पडल्या होत्या. समोरच्या भिंतीवर ‘दुरुस्तीचा संपूर्ण खर्च वसूल केला जाईल’ अशी पाटी होती. मी आजूबाजूला पाहिले, भुसा झाडला, फळी उचलली आणि घरी गेलो.

पुढचे तीन आठवडे प्रत्येकाच्या फळीवर त्याच दोन रेघा उमटत राहिल्या. कोणी म्हणाले, रूळ झिजले आहेत. कोणी टेबलाची पातळी बिघडल्याचे निदान केले आणि ती ‘दुरुस्त’ करण्याच्या नादात खरोखरच बिघडवली. वास्तविक त्याच संध्याकाळी मी सांगितले असते, तर जाणकार माणसाने वीज तोडून एक पाते मिलिमीटरभर बाजूला सरकवून पुन्हा बसवले असते, खाचा एका रेषेत राहिल्या नसत्या आणि एका पात्याने सोडलेला उंचवटा दुसऱ्याने कापून काढला असता. पात्यांना नव्याने धार लावण्याची वेळ येईपर्यंत मशीन व्यवस्थित चालले असते. काम अर्ध्या तासाचे होते. पाटीमुळे ते तीन आठवड्यांचे झाले, आणि खर्च कोणाकडूनच वसूल झाला नाही.

मुद्दाम हत्यार मोडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. बहुतेक नुकसान असे असते की ते करणाऱ्यालाही त्या क्षणी दिसत नाही. पटाशीचे उदाहरण घ्या. ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर उत्साहाने धार लावताना पात्याचे टोक निळे पडले, तर त्याचा अर्थ साध्या कार्बन पोलादाचे टोक साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि त्याचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला, एवढाच असतो. निळेपणा दगडावर घासून सहज निघतो. पटाशी चकचकीत दिसते, अंगठ्याला धारही लागते, आणि ती तशीच जागेवर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी एखादा नवशिका ती घेतो, चार ठोक्यांत धार दुमडते, तो पुन्हा घासतो, ती पुन्हा दुमडते, आणि ‘आपल्याला धार लावताच येत नाही’ असे मानून तो बिचारा खिन्न होतो. दोष त्याच्या हातात नसतो. टोकाचा तो मऊ पडलेला भाग घासून टाकल्याशिवाय ती पटाशी धार धरणारच नसते. निळे पडल्याची चिठ्ठी कोणी ठेवली असती, तर एवढा मनस्ताप वाचला असता.

बँड सॉचेही, म्हणजे पट्ट्यासारखे अखंड पाते फिरणाऱ्या करवतीचेही, तसेच आहे. 12 मिलिमीटर रुंदीच्या पात्याने साधारण 60 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण कापायला गेले, की पाते पिळले जाते आणि त्याला जागेवर धरणारे मागचे मार्गदर्शक भाग तापतात. पण वळण कसेबसे कापले जाते, म्हणून करणाऱ्याला वाटते की जमले. गोल करवतीचे पाते लोखंडी टेबलावर आपटून ठेवले, तर टंगस्टन कार्बाइडचा एखादा दात टवका उडून जातो, कारण तो जितका कठीण तितकाच ठिसूळ असतो.

म्हणून माझा आग्रह आहे तो लाल पेटीचा. हत्यार मोडले, बोथट झाले किंवा नुसता संशय आला, तरी ते लाल पेटीत ठेवावे आणि सोबत चिठ्ठी लिहावी: काय कापत होतो, कसा आवाज आला, नंतर काय दिसले. मशीन असेल तर त्यावर लाल फीत अडकवावी. चिठ्ठी लिहिणाऱ्याला एक पैसाही दंड नसावा. झिजणे आणि मोडणे हा कार्यशाळा चालवण्याचा खर्च आहे, आणि तो सर्वांच्या वर्गणीतूनच निघायला हवा. यावर एक आक्षेप नेहमी येतो की असे केल्यास निष्काळजी माणसाला मोकळे रान मिळेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामायिक कुरणे, जंगले, पाटपाण्याच्या व्यवस्था जगभर तपासल्या आणि 2009मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या निरीक्षणात दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा होतीच, पण ती पायरीपायरीने वाढणारी होती आणि पहिली पायरी बहुधा फार हलकी असे. मी तेवढेच मागतो आहे. दंड असावा तो लपवण्याला आणि तीच चूक वारंवार करण्याला. आणि तोही पैशांत नसावा. एक संध्याकाळ बसून सामायिक पटाश्यांना धार लावून देणे, ही शिक्षा मला योग्य वाटते, कारण ती भोगून माणूस बाहेर पडतो तेव्हा पुढच्या खेपेला पटाशीने स्क्रू पिळायला त्याचा हात धजत नाही.

पैशांचा दंड माणसाला कोणत्या थराला नेतो, याचे उदाहरण मला टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या, एका सुरक्षा यंत्रणेत दिसते. स्टीफन गॅस यांनी 1999मध्ये शोधलेल्या या यंत्रणेत पात्यावरून अतिशय क्षीण विद्युत संकेत खेळता ठेवलेला असतो. बोटाचा स्पर्श होताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांमध्ये घुसून काही मिलिसेकंदांत पाते थांबवतो. बोट वाचते, ब्रेकचे काडतूस (ठोकळा असलेला, बदलता येणारा भाग) आणि बहुधा पातेही कामातून जाते. मात्र फार ओले लाकूड किंवा धातूचा स्पर्श यांनीही ब्रेक सुटू शकतो, म्हणून गरजेपुरती यंत्रणा बंद ठेवण्याची सोयही मशीनवर असते. आता ‘ब्रेक सुटला तर काडतुसाची किंमत भरा’ असा नियम केला, तर लाकूड जरा दमट वाटले तरी माणूस गुपचूप ती सोय वापरणार. बोटांपेक्षा काडतूस महाग ठरवणारा नियम आपणच केलेला असेल.

गार्ड (पात्यावरचे संरक्षक झाकण) आणि रायव्हिंग नाइफ (कापलेले लाकूड पात्याला चिमटू न देणारी मागची पट्टी) काढून ठेवणे हाही याच जातीचा दुरुपयोग आहे, पण तो अधिक गंभीर आहे, कारण त्यात हत्याराऐवजी पुढच्या माणसाला इजा होते. खोबण पाडण्यासाठी ते काढावे लागते, हे मान्य. परत बसवायचे राहते, ही अडचण आहे. म्हणून नव्या सभासदाची परीक्षा घेताना मी त्याला सरळ फळी कापायला सांगत नाही. ती कोणीही कापतो. मी त्याला पाते बदलून, गार्ड काढून आणि सगळे पुन्हा जागेवर बसवून दाखवायला सांगतो. मशीन ज्याने एकदा उघडून पाहिले आहे, त्याला त्याचा बदललेला आवाज लवकर कळतो.

आणखी एक उपाय सांगतो, जो ऐकून लोक हसतात. रंगाचा डबा उघडायला आणि वाळलेला डिंक खरवडायला माणूस हाताशी असलेली सर्वांत चांगली पटाशीच उचलतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर उपदेश करणे मी सोडून दिले आहे. त्याऐवजी एक टाकाऊ पटाशी साखळीने फळीला बांधली आणि मुठीवर लिहिले: ‘हिचे काहीही करा’. बाकीच्या पटाश्यांचे आयुष्य त्यानंतर वाढले, असे मला स्पष्ट दिसले. राऊटरचे (लाकडाच्या कडा आणि खोबणी कोरणाऱ्या मशीनचे) बिट आणि करवतीची पाती मात्र शक्यतो ज्याची त्याने स्वतःची आणावीत, आणि शिकणाऱ्यांसाठी एक वेगळा संच ठेवावा, असे मला वाटते. जुने लाकूड कापताना स्वतःचे पाते लावलेला माणूस खिळे शोधायला चुंबक फिरवल्याशिवाय राहत नाही.

एका प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही, तो म्हणजे लाल पेटीतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचे की नाही. नावाशिवाय शिकवायचे कोणाला, असे काही जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. तरी पहिले वर्षभर नावाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा द्यावी, असे माझे म्हणणे आहे. तशी मुभा असती, तर त्या संध्याकाळी प्लेनरशेजारी उभे राहून मी निदान ‘खिळा लागला, पाती पाहा’ एवढे चार शब्द तरी लिहिले असते.