जॉइंटमधल्या रिंगा गाळू नका

नागपूरच्या बेसा भागात आत्याच्या घराच्या पहिल्या स्लॅबची सेंट्रिंग लागली आहे आणि नेमका आत्ताच तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरता मेसेज आला: 'कॉलम-बीमच्या जॉइंटमध्ये रिंगा म्हणजे ठेकेदाराची लूट. तिथे आधीच भरपूर लोखंड असते. रिंगांमुळे काँक्रीट बसत नाही. नागपूरला भूकंपाचा धोका नाही. भूकंपरोधक सळई घ्या, झाले.' वर आत्या म्हणते, "मिस्त्रीही तेच सांगतो." आता गप्प बसणं शक्य नाही. जॉइंट म्हणजे कॉलम आणि बीम एकमेकांना मिळतात तो भाग, आणि रिंगा म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांना बाहेरून वेढणारी बारीक सळईची कडी.

'आधीच भरपूर लोखंड' हे सगळ्यात घातक. कॉलमच्या उभ्या सळ्या आणि बीमच्या आडव्या सळ्या जॉइंटमधून जातात, पण त्यांतली एकही काँक्रीटला चहूबाजूंनी आवळून धरत नाही. इमारत हलते तेव्हा बीमची वरची सळई जॉइंटच्या एका बाजूला ओढली जाते, दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. जॉइंटचा चौकोन तिरपा होतो, काँक्रीट कर्णावर फाटतं. पुढच्या हेलकाव्यात दुसऱ्या कर्णावर. अशा फुल्या पडत गाभ्याचा भुगा होतो, उभ्या सळ्या बाहेर वाकतात, आणि वरचे मजले ज्या कॉलमवर उभे तोच तिथे खचतो. म्हणूनच भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस 13920:2016 सांगतं की कॉलमच्या टोकाला जवळजवळ घातलेल्या रिंगा जॉइंटमधूनही न्यायच्या. चारही बाजूंनी पुरेसे रुंद बीम असतील तर निम्म्या चालतात. शून्य कधीच नाही. रिंगेच्या टोकाचा हूकही 135 अंशांत आत वळलेला हवा. 90 अंशांचा हूक कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा बाहेरचा थर, झडलं की उघडतो.

देशाच्या 2016 च्या भूकंपधोक्याच्या नकाशात नागपूर कमी धोक्याच्या झोन 2 मध्ये आहे आणि आयएस 13920:2016 नुसार तिथे हे मानक ऐच्छिक आहे, एवढं खरं. पण 1993 साली किल्लारी तर तेव्हाच्या नकाशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होतं. तिथली घरं दगडमातीची होती, हे माहीत आहे. मी नकाशाच्या भरवशाबद्दल बोलतोय. 1997 चा जबलपूरचा भूकंप तर आपल्या शेजारचाच.

जॉइंटमध्ये दाटी होते, हेही मान्य. मग तिथे बारीक गिट्टी वापरा, व्हायब्रेटर नीट फिरवा, कॉलमचा आकार इंजिनिअरकडून वाढवून घ्या. रिंगा काढणं हा उपाय नाही.

मेसेजच्या शेवटी आलेल्या भूकंपरोधक सळईच्या जाहिरातीबद्दल काय बोलायचं! उत्तम सळईसुद्धा न घातलेल्या रिंगेचं काम करत नाही.

बीमच्या सळ्यांचा पिंजरा खाली उतरवण्याआधीच जॉइंटच्या रिंगा कॉलमच्या सळ्यांत ओवून घ्या. नंतर त्या घालता येत नाहीत, मिस्त्री टाळतो तो इथेच. आणि इंजिनिअरने प्रत्येक जॉइंट डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्लॅब भरू देऊ नका.