माझा चेहरा बघून अंदाज बांधू नका

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते, लांब होईल.

मला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, आणि त्याच्या जोडीला जबडा थरथरतो. घरच्यांना सगळं माहितीये. बाहेरच्यांना फक्त दिसतं ते एवढंच, की ही बोलता बोलता मध्येच गप्प झाली, एक डोळा मिटला, हात गालापाशी नेला पण गालाला लावला नाही, आणि हनुवटी हलायला लागली. मग कोणाला वाटतं ही आता रडणार, कोणाला वाटतं चिडली, कोणाला वाटतं घाबरली. एकदा एका काउंटरवर समोरच्या माणसाने तोच प्रश्न आवाज चढवून परत विचारला, त्याला वाटलं मी मुद्दाम उत्तर देत नाहीये. मला उत्तर माहिती होतं हो, तोंड उघडता येत नव्हतं.

नक्की काय होतं ते सांगते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस असते, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिला तीन फांद्या, एक कपाळ आणि डोळ्याकडची, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. बऱ्याच पेशंटमध्ये ही नस मेंदूच्या बुंध्यातून जिथे निघते तिथेच एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते, प्रत्येक ठोक्याला दाबत राहते आणि नसेवरचं आवरण झिजतं. वायरचं कव्हर निघाल्यावर जे होतं तेच. मग साधा स्पर्शसुद्धा शॉक लागल्यासारखी कळ होऊन येतो. कळ काही सेकंदांची असते, फार तर दोनेक मिनिटं, पण त्या वेळात दुसरं काही म्हणजे काही सुचत नाही. आणि ती येते कशाने, तर दात घासताना, तोंड धुताना, चावताना, हसताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी, आणि बोलताना. माणसांत वावरायचं म्हणजे यातल्याच गोष्टी करायच्या असतात ना.

हे काही नवीन शोध लागलेलं दुखणं नाही. जॉन फोदरगिल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १७७३ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, खाताना बोलताना, नुसत्या स्पर्शाने येणारी कळ, सगळं. तरी आजही कित्येक जण आधी दाताच्या डॉक्टरकडे जातात कारण दाढच दुखतेय असं वाटतं, आणि काहींच्या चांगल्या दाढा काढल्या जातात. दाढ काढूनही तीच कळ तिथेच येत असेल तर कृपा करून पुढची दाढ काढायच्या आधी न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरला दाखवा.

अजून एक गोंधळ होतो. लोक विचारतात लकवा आहे का. नाही. चेहरा हलवणारी नस वेगळी आणि ही वेगळी, माझं तोंड वाकडं झालेलं नाही. पण कोणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं किंवा बोलणं अडखळायला लागलं तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

आता जबड्याचं. थरथर हा स्वतंत्र आजार आहे, माझ्या बाबतीत इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे नसलेली, हालचाल करताना येणारी थरथर. थरथरीची कारणं बरीच असतात, पार्किन्सन्समध्येही जबडा हलतो पण तो सहसा गप्प बसलेलं असताना, माझा बोलायला लागलं की हलतो, काही औषधांनीही होतं, म्हणून डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय कोणी नाव देऊ नये. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगते, कोणी टक लावून बघायला लागलं की थरथर वाढते. टेन्शन आलं की अंगातलं अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन वाढतं आणि तेच ट्रेमरला जोर देतं. शांत खोलीत तर दातावर दात आपटल्याचा बारीक टकटक आवाज मला स्वतःला ऐकू येतो, आणि तो बाजूच्याला ऐकू गेला असेल का या विचारानेच पुढची दोन वाक्यं जातात.

आणि खरी कोंडी इथे आहे जी बाहेरच्याला कळत नाही. ज्यांना नुसता ट्रेमर असतो ते हनुवटीला हाताचा टेका देतात, जबडा थोडा स्थिर होतो, लोकांनाही वाटतं विचार करत बसलेत. मला गालाला हात लावता येत नाही, लावला की कळ. दात घट्ट आवळून थरथर लपवायला गेलं तरी कळ. म्हणजे एक आजार म्हणतो धर आणि दुसरा म्हणतो हात लावू नकोस. त्यामुळे लपवणं हा पर्याय माझ्याकडे नाहीच, आणि मला आता ठामपणे वाटतं की तो कोणाकडेच नसावा. लपवण्यात जी ताकद जाते तीच थरथर वाढवते.

म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. नवीन माणूस भेटला, मीटिंग असली, की सुरुवातीलाच, "मला चेहऱ्याच्या नसेचा त्रास आहे, मध्येच कळ येते तेव्हा मी थांबेन, तुम्ही काही करायचं नाही, थोड्या वेळात मीच परत बोलते." बास. हेच मोबाईलवर मोठ्या अक्षरात टाईप करून ठेवलंय, बोलता नाही आलं तर स्क्रीन दाखवते. काही नातेवाईक म्हणतात सगळ्यांना कशाला सांगत बसतेस, सहानुभूती मागितल्यासारखं वाटतं. मला नाही पटत. चष्मा लावणारा माणूस सहानुभूती मागत नसतो.

समोरच्याने काय करावं तर खरंच काही नाही. थांबा. "काय झालं, काय झालं" असं विचारत राहू नका, कारण त्याचं उत्तर द्यायला बोलावं लागतं. पाण्याचा ग्लास तोंडाशी आणू नका, गार घोटानेही कळ येते. मायेने गालावर, डोक्यावर हात फिरवायला तर अजिबात येऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने एकदा काय केलं, मी अडकले तसा तो सहज पुढच्या मुद्द्यावर गेला, तो संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचं राहिलं होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. इतकं बरं वाटलं मला त्या दिवशी, काय सांगू.

बाकी माझ्या सोयी मी करून घेते. पंखा नाहीतर एसीचा झोत थेट येईल तिथे बसत नाही, प्रवासात खिडकी नको, बाहेर पडताना मऊ स्कार्फ, मास्क मात्र मला चालत नाही, गालावर घासतो, काहींना उलट वाऱ्यापासून बरा पडतो. एक झटका येऊन गेला की बऱ्याचदा थोडा वेळ तशी कळ परत येत नाही, तेवढ्यात महत्त्वाचं बोलून घेते. गोळी कार्बामाझेपिनची आहे, हिने फरक पडतो पण झोप येते, गरगरतं, कधी साधा शब्द आठवत नाही, तेही लोकांना दिसतंच. रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं म्हणून तपासण्या असतात. अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. गोळ्यांनी भागत नाही त्यांच्यासाठी ऑपरेशन आहे, रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा बसवतात, त्याबद्दल माझं डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

एक वाक्य मात्र फार लागतं, "काल तर ठीक होतीस." हो, होते. हा आजार असाच आहे, कधी कधी महिनोनमहिने कळ येत नाही आणि मग परत सुरू होते. चांगला दिवस हा खोटेपणाचा पुरावा नाही.

आणि शेवटचं, हे ऑफिसवाल्यांना आणि परीक्षा घेणाऱ्यांना. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा सगळ्यांनी चालू ठेवायचा ही सक्ती अशा माणसासाठी सोडा. तोंडी परीक्षा, इंटरव्ह्यू असेल तर जास्तीचा वेळ द्या, एखादं उत्तर लिहून द्यायची मुभा द्या. यात कोणाचा काही खर्च नाही. आणि ते मागायला आलेल्या माणसाला आधी कळ आणून दाखवायला लावू नका, त्याच्याकडे डॉक्टरचा कागद आहे, तो वाचा.